घुमूरची इद्दत

माझं तोंड चालतं, हे अख्ख्या अगादेझ शहराला माहीत आहे. मी किम्बा, लोखंडी दारं करणारा. बाजाराच्या मागच्या गल्ल्यांमध्ये हिरवी-निळी दारं दिसतात ना, वर चंद्राची कोर असलेली, त्यातली निम्मी माझ्या हातची. हात वेल्डिंगला आणि तोंड लोकांच्या खोड्या काढायला, असं तीस वर्षं सुखात चाललं होतं. पण आज सांगायचंय ते घुमूरबद्दल. मध्ये मध्ये मी येईन, त्याला इलाज नाही. त्याच्यावर जे ओढवलं त्यात मी गळ्यापर्यंत बुडालेला आहे.

घुमूर तुआरेग जमातीचा, मी झर्मा. म्हणजे आमचं नातं आम्ही जन्मायच्या आधीच ठरलेलं, थट्टेचं. कधीकाळी दोघांचे पूर्वज एकमेकांचे गळे कापायचे, पुढे कुणाला तरी अक्कल आली आणि तलवारीऐवजी जिभा चालवायचं ठरलं. तेव्हापासून मी त्याला गुलाम म्हणायचं, त्यानं मला गुलाम म्हणायचं. लग्नात नवरदेवाची चप्पल पळवायची. मयतीला जाऊन मेलेल्याच्या नकला करायच्या आणि घरचे हातावर काहीतरी ठेवेपर्यंत जनाजा अडवून धरायचा. राग धरायचा नाही. राग आलाच तर तो घरी जाऊन बायकोवर काढायचा, चहाच्या चटईवर नाही. आणि एक नियम सगळ्यांत पक्का: समोरचा काहीही आरोप करो, 'मी नाही केलं' असं म्हणायचं नाही. म्हणालास की हरलास. 'हो, तुझी बकरी मीच चोरली, आणि तुझ्या आजीच्या कानातलंही मीच नेलं' असं म्हणायचं. त्यानं एक टाकला की आपण दोन टाकायचे.

हा नियम नसता तर घुमूर आज आपल्या मळ्यात असता.

त्याचा जन्म तिमियाचा, आईरच्या डोंगरातला. बाप मिठाच्या काफिल्यावर. लहानपणी तो बापाबरोबर बिल्माच्या मिठागरांपर्यंत चालत गेलाय, उंटाच्या सावलीत पाय टाकत, दिवसचे दिवस. मग दुष्काळ पडला, उंट मेले, आणि घुमूर आर्लितला फ्रेंचांच्या खाणीत युरेनियम काढायला लागला. तिथले साहेब सांगायचे की त्यांच्या देशातले दिवे तुमच्या मातीवर जळतात. घुमूरच्या खोलीत कंदील होता. मग आमच्याकडे बंड झालं, खाण सुटली. मग लिबिया, तिथे तेलाचा पैसा वाहत होता, तिथे गवंडीकाम. ते संपलं तेव्हा वाळवंट बघायला येणारे गोरे प्रवासी. त्यांना उंटावर चढवायचं, उतरवायचं, उलटी झाली की पाणी द्यायचं. मग माणसं पळवण्याचे प्रकार सुरू झाले आणि प्रवासी यायचे बंद झाले. मग ट्रकमधून लिबियाच्या वाटेनं माणसं पोचवायची, सगळं गाव तेच करत होतं. मग युरोपवाल्यांना ती माणसं नकोशी झाली, त्यांनी आमच्या सरकारकडून कायदा करून घेतला, आणि काल जो धंदा होता तो आज गुन्हा झाला. आणि मग आले अमेरिकन.

मी त्याला म्हणायचो, "दर दहा वर्षांनी जगाला नवा मालक मिळतो, आणि तो पहिला तुझ्याकडेच येतो. तुझ्या कपाळावर काही लिहिलंय का रे?"

तो म्हणायचा, "माझे मालक बदलतात. माझा गुलाम मात्र तोच राहिला. चहा ओत."

अमेरिकनांनी गावाबाहेर विमानतळ बांधला, आत माणूस नसलेली विमानं उडवायला. घुमूरला काम मिळालं धावपट्टीवरची वाळू झाडायचं. वाळवंटात वाळू झाडायची. ते ऐकलं त्या दिवशी मी दुकान बंद करून हसत बसलो होतो. पण पठ्ठ्यानं तिथेही मान मिळवला. त्यांच्या यंत्रांवर आकाश साफ दिसायचं आणि हा नाकानं वास घेऊन सांगायचा, दोन तासांत वादळ येतंय. दोनदा त्याचं खरं ठरलं. तिसऱ्या वेळेपासून लाल कानांचा एक सार्जंट रोज सकाळी याच्याजवळ येऊन उभा राहायचा आणि नुसत्या भुवया उंच करायचा. घुमूर क्षितिजाकडे बघून हो किंवा नाही म्हणायचा. एवढंच त्यांचं बोलणं. यापलीकडे घुमूरनं त्या लोकांकडे कधी काही मागितलं नाही. एकदा सोडून.

ते एकदा माझ्यासाठी होतं. माझा धाकटा भाऊ सेनी, तेव्हा पस्तिशीचा, दोन पोरींचा बाप, मला न सांगता लिबियाच्या ट्रकवर चढला. कायद्यामुळे ट्रक आता नेहमीच्या वाटेनं जात नव्हते, विहिरी सोडून आडवाटेनं जायचे. पाच दिवस झाले, ट्रकचा पत्ता नाही. माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं. घुमूर आला, माझ्याकडे बघितलं, थट्टेचा एक शब्द बोलला नाही आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भुवया उंच झाल्या तेव्हा त्यानं हो किंवा नाही म्हणायच्या ऐवजी सार्जंटला सगळं सांगितलं. ट्रक कुणाचा, ड्रायव्हर कोण, अमुमून त्याचं नाव, कोणत्या विहिरीपाशी त्यानं वाट सोडली असणार, कुठल्या टेकड्यांमागून तो जातो. संध्याकाळी सार्जंटनं नकाशा उलगडला, विमानाला ट्रक दिसला होता त्या जागी बोट टेकवलं आणि गेला. घुमूर चुलतभावाची गाडी आणि पाण्याचे डबे घेऊन त्या जागी पोचला. तेवीस माणसं होती. त्यांतली चार दगावली होती. सेनीचे ओठ फुटले होते, पण जिवंत होता.

अमुमूनला त्यानंतर महिन्याभरात सैनिकांनी उचललं. चार वर्षं आत होता. कुणी सांगितलं, कसं कळलं, गावात खूप चर्चा झाली. खरं काय ते दोघांनाच माहीत होतं, मला आणि घुमूरला. त्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. सेनी बरा झाला आणि राजधानीत, नियामेला जाऊन मोटारसायकली दुरुस्त करायला लागला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नियामेत सत्ता उलटली, सैनिक आले, फ्रेंचांना घालवलं, मग अमेरिकनांची पाळी आली. आमच्याकडे मोर्चा निघाला. मीही गेलो. घुमूरच्या पोटावर पाय येणार हे माहीत असून गेलो, झेंडा हलवला, घसा बसेपर्यंत ओरडलो. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. ज्यांचं नुसतं नाव काढलं की मंत्री खुर्चीतून उठायचे, त्यांना आमच्या गाढवं हाकणाऱ्या लोकांनी 'निघा' म्हटलं, आणि ते खरंच निघाले. टीव्हीवर रशियन उतरताना दिसत होते. चिनी तर आधीपासून होतेच, तेलाच्या नळावर. माझी वेल्डिंगची कांडीही चिनी आणि यंत्रही चिनी.

घुमूरला मात्र ते पटतच नव्हतं. मी मोर्चातून आलो तर तो विचारतो, "एवढी भिंत, एवढे दिवे, एवढी पट्टी. आणि नुसती किल्ली देऊन जाणार? भांडणार नाहीत?"

"तुला विचारून जायचं राहिलं वाटतं त्यांचं," मी म्हटलं.

"मला वाटायचं, हे शेवटचे मालक. यांच्यानंतर कोण असणार?" तो म्हणाला.

शेवटचं विमान उडालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, माझ्या दुकानापुढे नेहमीसारखी चटई पडली. मी, घुमूर आणि पलीकडचा औषधवाला बाशीर. कोळशावर चहाची किटली. घुमूरचं सामान बांधून झालं होतं. दोन पोती, एक रेडिओ, आणि बायकोसाठी, गैशासाठी, घेतलेलं निळं कापड. शुक्रवारच्या ट्रकनं तो तिमियाला चालला होता. कायमचा.

"आता कुणाची नोकरी नको," तो म्हणाला. "बावन्न वर्षांचा झालो. वीस वर्षं ती बाई एकटी मळा बघतेय. जातो, कांदा लावतो, मोट हाकतो, तिच्या शिव्या खातो."

बोलत होता चांगलं, पण चेहरा उतरलेला. आणि माझाही जीव खालीवर होत होता, कारण शुक्रवारनंतर मी चटईवर शिव्या कुणाला घालणार? तो बाशीर तर हौसा, त्याचं आमचं थट्टेचं नातं नाही. मग मी उठलो. दुकानातलं काळं फडकं डोक्यावर ओढलं, बायकी आवाज काढला आणि घुमूरपुढे छाती बडवत बसलो.

"घुमूरबाई, धीर धर गं बाई. कसा सोडून गेला गं तुला, तो धिप्पाड, तो लाल कानांचा. एवढी विमानं होती मेल्याची, एका विमानात तुला जागा नाही झाली? आता विधवेसारखी चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, डोळ्यांत सुरमा घालायचा नाही. रशियन दारात येऊन उभा राहिला तरी पडद्याआडूनच बोलायचं."

बाशीरच्या नाकातून चहा आला. घुमूर खांदे हलवत हसायला लागला, आठवड्यातलं पहिलं हसू. हे सेनीनं ऐकलंच पाहिजे म्हणून मी फोन काढला, बटण दाबलं आणि घुमूरच्या तोंडापुढे धरला. "बोल बाई, काझीसमोर खरं खरं सांग. नवऱ्याला काय काय दिलंस? संसार निष्ठेनं केलास ना?"

घुमूरनं तोंडावरून गुंडाळलेलं पागोटं खाली ओढलं. आता नियमाप्रमाणे त्यानं माझ्यावर चढायचं होतं. तो चढला.

"सगळं दिलं गं बाई. आईरमधल्या एकेका विहिरीचं नाव दिलं. कुणाचा उंट कुठे चरतो, कुठला ट्रक कुठल्या वाटेनं जातो, कुठला कर्नल कुणाच्या घरी जेवतो, सगळं कानात सांगितलं. माझ्या परवानगीशिवाय त्यांचं एक विमान उडत नव्हतं. आणि तुझ्या आजोबानं चोरलेल्या बकऱ्यांचा हिशेब मी थेट वॉशिंग्टनला धाडलाय. ते परत येतील ना, ते तुलाच धरायला येतील, गुलामा."

आम्ही तिघंही आडवे पडलो हसून. मी तो आवाज सेनीला पाठवला. त्यानं हसून हसून लोळणारे चेहरे पाठवले, आणि आपल्या दोस्तांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकला. त्याचीही चूक नाही, असलं काही चांगलं मिळालं की कोण एकट्यानं ऐकतं? पुढे तो कुठे कुठे फिरला अल्ला जाणे. वाटेत कुणीतरी माझा आवाज कापला, बाशीरचं हसणं कापलं. नुसता घुमूर राहिला. वर लिहिलेलं: ऐका, अमेरिकेचा हेर स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय. गुरुवारी दुपारी तो आवाज आमच्या गल्लीतल्या खाटकाच्या फोनवर परत आला. खाटीक माझ्याकडे बघेना.

दिवस मावळायच्या आत दोन माणसं घुमूरच्या खोलीवर आली आणि त्याला चौकशीच्या कचेरीत घेऊन गेली. मारलं नाही, ओरडले नाहीत. त्याचं ओळखपत्र टेबलाच्या खणात टाकलं आणि सांगितलं, चौकशी पुरी होईपर्यंत शहर सोडायचं नाही, दर सोमवारी हजेरी. ओळखपत्राशिवाय उत्तरेच्या नाक्यातून शेळीसुद्धा सुटत नाही. शुक्रवारी त्यानं पोती ट्रकवरून उतरवून घेतली. निळं कापड तेवढं ड्रायव्हरच्या हाती दिलं. "गैशाला सांग, थोडं काम निघालंय," म्हणाला. फोनवर काही बोलायची आता त्याची छाती नव्हती.

मी सोमवारी कचेरीत जाऊन तमाशा केला. तिथले अधिकारी लावाली, गोबिरकडचे, माझ्याच वयाचे. त्यांनी मला ओरडू दिलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "किम्बा, मला थट्टा शिकवू नकोस. आमचं कात्सिनावाल्यांशी तेच नातं आहे. मी सासऱ्याच्या शेजाऱ्याला रोज गाढव म्हणतो."

"मग सोडा की त्याला."

"कागद नियामेला गेलाय. तिथे तो कुणाकुणाच्या टेबलावरून फिरतोय, त्या टेबलापाशी आणखी कोण पाहुणे बसलेत, मला माहीत नाही. कागदात हसणं लिहिता येत नाही रे."

"मी लिहून देतो, ही माझी चूक आहे. मी सुरुवात केली."

"दे," ते म्हणाले. मी दिलं. त्यांनी ते कागदांना टाचलं. झालं काही नाही.

मी म्हटलेले चार महिने दहा दिवस उलटून गेले. घुमूर आपला गावातच. ज्या माणसानं बिल्मा पायाखाली घातलं, तो आता बाजार ते मशीद, मशीद ते खोली असा फिरत होता. दुपारी उत्तरेच्या नाक्याकडे जाऊन एका भिंतीला टेकून उभा राहायचा, तिमियाचे ट्रक भरताना बघायचा आणि परत यायचा. लोक त्याला सलाम करायचे, पण थांबायचे नाहीत. बाशीर चटईवर यायचा बंद झाला, म्हणे दुकानात गर्दी असते. अमुमूनचा मेहुणा एकदा घुमूरच्या दारासमोर थुंकून गेला. काम कोण देणार? मी म्हटलं माझ्याकडे ये, तर दोन दिवस आला, गिऱ्हाइकं दारातूनच वळायला लागली, तिसऱ्या दिवशी तो आपणहून आला नाही. मला इतका संताप यायचा. गावाचा, नियामेचा, त्या लाल कानांच्या सार्जंटचा, जो कुठेतरी मस्त मजेत असेल. आणि सगळ्यांत जास्त माझा.

डिसेंबराच्या अखेरीस लावालींनी मला बोलावून घेतलं. दार लावलं. "एक रस्ता आहे. तू काझीच्या घरी ये, कुराणावर हात ठेव आणि सांग: ते बोलणं थट्टेचं होतं, आणि घुमूरनं अमेरिकनांना कधी कुठल्या माणसाचं नाव किंवा कुठल्या गाडीची वाट सांगितलेली नाही. शपथेचा कागद मी वर पाठवतो. शपथेपुढे वरचे वाद घालत नाहीत. आठ दिवसांत त्याचं ओळखपत्र परत."

"पहिलं सांगतो. दुसरं कशाला हवं?"

"पहिलं सगळ्यांना माहीतच आहे. त्यांना दुसरंच हवंय."

लावालींना काही कळू नये म्हणून मी खोकल्यासारखं केलं. बुधवारी सकाळी येतो म्हणालो.

घुमूर मशिदीच्या भिंतीपाशी उन्हाला बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं बोटानं मातीत दोन रेघा ओढल्या. मग म्हणाला, "आणि तू घेणार?"

"घेतो की. त्यात काय आहे?"

"खोटी?"

"तू काय इमाम लागून गेलास? सगळ्या गावात मी एक नंबरचा थापाड्या. आणखी एक थाप. अल्लाला माझी सवय आहे."

तो हसला नाही. त्याला ठाऊक होतं. माझा बाप खरी शपथसुद्धा घ्यायचा नाही, ग्रंथाला हात लावायला घाबरायचा. माझ्यातही तेच भिनलंय. थापा मारणं वेगळं आणि त्यावर हात ठेवून खोटं बोलणं वेगळं. खोटी शपथ घेणाऱ्याचं घर बसतं, असं आमच्याकडे मानतात, आणि माझं घर म्हणजे सेनीच्या पोरी धरून अकरा माणसं. पण मी ठरवलं होतं. या माणसानं माझा भाऊ वाळूतून उचलून आणला आणि मी त्याला भिंतीत चिणला. आता मागे हटलो तर मी कोण?

बुधवारी मी अंघोळ केली, धुतलेला झगा घातला आणि काझीच्या घराकडे निघालो. दारात लावाली उभे होते, हात मागे बांधून.

"घरी जा किम्बा. शपथ नको."

"का? काय झालं?"

"तो सकाळीच येऊन गेला माझ्याकडे. अमुमूनचं नाव, विहीर, वाट, सार्जंट, सगळं स्वतः सांगितलं. मी दोनदा म्हटलं, घुमूर, मी बहिरा आहे, मी चहा पितोय, तू जा. तो म्हणाला, लिहून घ्या." लावालींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता ती थट्टा राहिली नाही. आता माझ्या हातात काही नाही."

घुमूर पलीकडच्या ओट्यावर बसला होता. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. "गाढवा, एक बुधवार दम निघाला नाही तुला? मी येत होतो ना?"

"म्हणूनच आधी आलो," तो म्हणाला. "तू नरकात गेलास तर स्वर्गात माझ्या उंटांना पाणी कोण पाजणार? मी नवीन गुलाम कुठे शोधू या वयात?"

मी त्याच्या शेजारी बसलो आणि रडलो. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, भर रस्त्यात. लोक वळून बघत होते. थोड्या वेळानं मी विचारलं, "हे तरी सांगितलंस का, की माझ्या भावासाठी केलंस? की तेवीस माणसं होती?"

"माणसं होती म्हणालो. सेनीचं नाव नाही घेतलं. उगाच तोही इथे सोमवारी येऊन बसेल."

त्याला तुरुंगात टाकलं नाही. वरून उत्तर येईपर्यंत शहरातच राहायचं, असं ठरलं. उत्तर आलेलं नाही. लावाली म्हणतात, वर आता दुसरीच घाई चालू आहे, नवे करार, नवे पाहुणे, एका वाळू झाडणाऱ्याचा कागद कुणाला आठवतोय? तेव्हा दर सोमवारी घुमूर जातो, सही करतो. मीही बरोबर जातो, बाहेर उभा राहतो.

जानेवारीत थंडीच्या दिवसांत तिमियाहून निरोप आला की मोटेचं चाक मोडलंय, गैशा बादलीनं पाणी शेंदून कांदा जगवतेय. घुमूर माझ्या दुकानात आला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं. "तू लोखंडवाला आहेस. तू जा. तुला नाक्यावर कुणी अडवणार नाही."

"आणि तिला काय सांगू?"

"खरं सांग. ती मला दर महिन्याला निरोप धाडून विचारते, काम संपलं का. माझ्याच्यानं होत नाही."

मी नवं चाक केलं, दुहेरी पत्र्याचं, नीट घासून, आणि ट्रकवर चढलो. दोन दिवस वाटेत दगड आणि धूळ, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. गैशा, माझ्याकडून चूक झाली. गैशा, बस जरा, ऐक. एकही वाक्य माझ्या तोंडात बसेना. त्या घरात मी आजवर सरळ एक शब्द बोललेलो नाही. लग्नात तिला मी उंटीण म्हणून तिची किंमत पाडून मागितली होती.

मळ्यात पोचलो तर अर्धे वाफे सुकलेले. गैशा विहिरीवर वाकून दोर ओढत होती, डोक्यावर ते निळं कापड. मला बघितलं, बादली काठावर टेकवली, कमरेवर हात ठेवले.

"आला का गुलाम," ती म्हणाली. "एकटाच? मालकाला कुठे विकून आलास?"

"अगादेझला विकला," मी म्हणालो. "माझ्या या तोंडानं विकला."

ती खदखदून हसली. कुंपणापलीकडे शेजारीण होती, तिला हाक मारून सांगितलं, "ऐकलंस का, हा झर्मा माझा नवरा विकून आलाय." मग माझ्याकडे वळून, "किती आले रे?"

"काही नाही आले. फुकट गेला."

"मग जा, परत घेऊन ये," ती म्हणाली आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं ते कापडाच्या टोकानं पुसलं. "फुकट गेलेला माल कोण परत देत नाही?"

"देत नाहीत, गैशा. तो येणार नाही."

"पुरे, पुरे, पोट दुखायला लागलं माझं. वीस वर्षांत असा बोलला नव्हतास. बस, वाळूत तागेलाची भाकरी भाजते, दोन घास खा, मग सांग काय ते."

मी चाक खाली ठेवलं. तिसऱ्यांदा सांगितलं, चटईपासून, फोनपासून, सेनीपासून, तिला मध्ये बोलू न देता. ती सुरुवातीला हसतच होती, पुढची कडी कुठे येते त्याची वाट बघत. मग तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.